केवळाबाईच्या पोटातला खडा

श्रीमंतराव गेल्यापासून केवळाबाईच्या पोटात अन्न ठरत नव्हतं आणि त्याचं कुणालाही नवल वाटत नव्हतं.

घरात चूल पेटत नव्हती. भावकीतल्या घरांतून पाळीपाळीनं पिठलं-भाकरी यायची. ताट समोर आलं की बाया आग्रह करत, केवळाबाई दोन घास खाई, थोड्या वेळानं पोटाला हात लावून न्हाणीकडे जाई आणि खाल्लेलं टाकून परत जागेवर येऊन बसे. भेटायला आलेल्या बाया एकमेकींकडे बघून माना हलवत.

"दुःख पोटात शिरलंय," मोठीमाय म्हणायची. "डोळ्यांतून पाणी काढंना की बाई. मग ते कुठून तरी निघणारच की."

मोठीमाय म्हणजे सोजरबाई, श्रीमंतरावांची थोरली भावजय. तिनं स्वतःचा नवरा घालवला होता आणि चुलतघरातल्या दोन विधवांना सांभाळलं होतं. त्यामुळे या बाबतीत तिचा शब्द खाली पडत नसे.

केवळाबाईच्या लेकीला, वर्षाराणीलाही, आधी तसंच वाटलं. ती नांदेडला रेल्वेच्या कार्यालयात नोकरीला होती. वडील, तिचे अण्णा, गेल्याचा फोन आला तेव्हा टेबलावरची फाईल तशीच उघडी टाकून ती निघाली होती. तिच्याही घशाखाली काही उतरत नव्हतं. एका घरात दोघी मायलेकी जेवत नाहीत, कारण एकच, हे सरळ होतं. मग हळूहळू तिच्या लक्षात आलं की दोघींचं न जेवणं सारखं नाही. तिला स्वतःला भूकच नव्हती. आईला भूक लागत होती. मधेच एखादा अर्धा दिवस ती चांगली असायची, ताक मागून प्यायची, भाकरीचा पापुद्रा कुस्करून खायची. मग पोटात कळ उठायची, थांबायची, पुन्हा उठायची. पोट गुरगुरायचं ते बाजूला बसलेल्याला ऐकू यायचं. मग हिरवी कडू उलटी. मग पुन्हा जरा बरं. अण्णांची आठवण अशी पाळ्या लावून येत नसणार, एवढं तिला कळत होतं.

किल्लारीहून डॉक्टर दोनदा येऊन गेले होते. सलाईन लावलं, पित्ताचं इंजेक्शन दिलं. तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांनी बायांना बाहेर काढलं, केवळाबाईच्या पोटावर बोटं वाजवून बघितली आणि विचारलं, "परसाकडं कधी झाली होती? वारा सरतो का?"

केवळाबाईनं पदर तोंडावर ओढला. वर्षाराणीनं कान जवळ नेला. "आईला परवापासून काही नाही," ती डॉक्टरांना म्हणाली. "वारासुद्धा नाही."

"पोटाचं आधी कधी ऑपरेशन?"

"नाही. पित्ताशयात खडा निघाला होता, सोनोग्राफीत. बरीच वर्षं झाली. मोठा आहे, काढून टाका म्हणाले होते. तिनं काढला नाही."

"पित्ताशय इकडं वर असतं. हे खालचं दुखणं दिसतंय." डॉक्टरांनी स्टेथोस्कोप गळ्यात अडकवला. "आतडं कुठंतरी अडलंय. कशानं, ते मला इथं बसून नाही सांगता येणार. लातूरला न्या. आजच न्या. दुपार करू नका."

आदिनाथनं, वर्षाराणीच्या धाकट्या भावानं, चांदपाशाला फोन लावला. चांदपाशाची जीप किल्लारी-लातूर रस्त्यावर चालायची. श्रीमंतरावांना शेवटच्या वेळी दवाखान्यात त्यानंच नेलं होतं आणि परतही त्यानंच आणलं होतं. तो लगेच आला, जीप दारापुढं लावली, मागच्या सीटवर गादी टाकली आणि बाहेरच उभा राहिला.

आणि नेमकं तेव्हाच केवळाबाईला बरं वाटायला लागलं.

"कळ थांबली बघ," ती म्हणाली. तोंडावर खरंच टवटवी आली होती. "कशाला उगं पळापळ? दहावा होऊ द्या. मग जाऊ."

"माय, डॉक्टर काय बोलला ऐकलं न्हाईस का?" आदिनाथ म्हणाला.

"तेव्हा दुखत होतं. आता न्हाई."

आदिनाथनं सांगितलेलं वर्षाराणीला आठवलं. अण्णांना शेवटच्या सकाळी असंच बरं वाटलं होतं. उठून बसले होते, चहा मागितला होता, साखर कमी पडली म्हणून कुरकुर केली होती. अशा बऱ्या वाटण्यावर तिचा आता भरवसा उरला नव्हता.

"चल, ऊठ," तिनं आईचा दंड धरला.

केवळाबाई उठली नाही. तिनं मोठीमायकडे बघितलं.

"पोरी, तिला नेऊ नको म्हणत न्हाई मी," मोठीमाय सावकाश म्हणाली. "पण उंबरा वलांडायचा तर माहेरचं माणूस पाहिजे."

त्या घरातली रीत अशी होती की नवरा गेलेली बाई दहाव्यापर्यंत उंबऱ्याच्या आतच राहायची, आणि मग तिच्या भावानं येऊन, हाताला धरून, तिला बाहेर काढायचं. बाकीच्या रीती आदिनाथनं मोडून काढल्या होत्या. बांगड्या फोडू दिल्या नव्हत्या, कुंकू पुसू दिलं नव्हतं. तेव्हा भावकीत कुजबूज झाली होती, आणि केवळाबाईनंच मधे पडून सांगितलं होतं की एवढं एक उंबऱ्याचं मी पाळीन, आता कुणी काही बोलू नका. म्हणजे तो एक प्रकारचा तह होता, आणि तो तिनंच केला होता.

"मामा नांदेडला हायेत," आदिनाथ म्हणाला. "निघून यायला पाच तास. तवर हिनं मरायचं का उंबऱ्यात?"

"तोंड आवर!" मोठीमाय म्हणाली.

"मी उचलून नेतो."

"हात लावून बघ," केवळाबाई म्हणाली. तिनं पलंगाची दांडी धरली. "तुझ्या बापाची शपथ हाय."

आदिनाथ भिंतीवर हात आपटून बाहेर गेला. वर्षाराणीनं मोठीमायला खुणेनंच बाहेर जायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं.

"आई, आता खरं सांग. तुला भावकीची भीती वाटते का?"

"भावकी गेली खड्ड्यात."

"मग?"

केवळाबाई पदराच्या काठाशी चाळा करत राहिली. "नेम मोडून बाई बाहेर पडली की भावावर येतं म्हणतात. खरं-खोटं मला काय म्हाईत? पण दादाच्या छातीत उन्हाळ्यात जाळी टाकलीय. त्याला अजून जिना चढवत न्हाई." तिनं मान वर केली. "आत्ता एक माणूस घालवलाय मी. दुसरा न्हाई घालवायचा."

"मलाबी न्हाई घालवायचा," वर्षाराणी म्हणाली.

वर्षाराणी तिच्या शेजारी टेकली. मग केवळाबाईच्या कपाळावर आठी पडली आणि तिचा हात पोटावर गेला. कळ परत आली होती.

वर्षाराणीनं मामाला फोन लावला. व्यंकटमामा तालुक्याच्या शाळेतून निवृत्त झालेले, सरळ पण हट्टी, रीतभात पाळणारे. आधी ते म्हणाले, "मी उद्या निघणारच हाय, साडी आणून ठेवलीय मामीनं." तिनं सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले ते, जीप दारात उभी आहे ते, आणि आई का उठत नाही तेही. पलीकडं फोन खाली ठेवल्याचा आणि खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"मामा?"

"हाय मी. व्हिडिओ लाव. आणि सोजरबाईला आत बोलाव. मागून कुणी कुरकुर नको."

मोठीमाय आली, दारातल्या बायाही आत सरकल्या. फोनच्या पडद्यावर आधी मामाचं कपाळ दिसलं, मग छताचा पंखा, मग सगळा चेहरा.

"केवळे!"

"दादा," ती म्हणाली आणि पदर नीट केला.

"माझी काळजी करून बसलीस व्हय गं? माझ्या छातीतली जाळी लोखंडाची हाय. बाहेर देशातून आणलीय म्हणं. तुझ्या उंबऱ्यानं तुटणारी न्हाई. पण तुला काय झालं ना, तर ती नक्की तुटंल. तुझा नेम मोडला तर माझ्यावर येईल न येईल, कुणी बघितलंय? तू गेलीस तर येणारच. आता सांग, काय करू?"

केवळाबाईनं पाय पलंगाखाली सोडले.

"मी तुला बाहेर काढायलोय. आत्ता. वर्षे, आईचा उजवा हात धर. तुझा हात तो माझा हात."

"ती आमच्या घरची लेक हाय, व्यंकटराव," मोठीमाय म्हणाली. तिच्या आवाजात विरोध कमी आणि खात्री करून घेणं जास्त होतं. "माहेरचं माणूस कशी हुईल?"

"माझ्या बहिणीच्या पोटची हाय की नाही? मग अर्धं रगत आमचं. कोणचं अर्धं, ते मी आल्यावर आपण बसून मोजू."

एक बाई फिसकन हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. मोठीमायनं तिच्याकडं रागानं बघितलं, मग स्वतःच पुढं झाली आणि केवळाबाईचा डावा हात धरला.

"ऊठ बाई," ती म्हणाली. "भाऊ बोलवायलाय."

भूकंपानंतर सरकारनं बांधून दिलेल्या त्या घराला मुळात उंबराच नव्हता. श्रीमंतरावांनी नंतर शहाबादी फरशीची पट्टी बसवून घेतली होती. केवळाबाई तिच्यापाशी येऊन थांबली. आदिनाथनं फोन समोर धरला होता. त्यात मामा "हां, टाक, टाक पाऊल" म्हणत होते, जशी काही ती चालायला शिकणारी पोर होती. तिनं पाऊल टाकलं. चांदपाशानं जीपचं दार उघडलं.

"बसा मावशी. खड्डे मी चुकवतो. सगळे पाठ हायेत मला."

लामजना ओलांडलं तोवर ठीक होतं. औशाच्या अलीकडं केवळाबाईला पुन्हा उलटी झाली. या वेळी रंगही वेगळा होता आणि वासही. गोठ्यात येतो तसा. बादली वर्षाराणीनं धरली होती. चांदपाशानं काच खाली केली आणि काही न बोलता वेग वाढवला.

लातूरच्या दवाखान्यात केवळाबाईच्या नाकातून नळी घातली. नळीतून पिशवीत हिरवट-तपकिरी पाणी उतरायला लागलं. एवढं पाणी माणसाच्या पोटात मावत असेल असं आदिनाथला वाटलं नव्हतं. सलाईन, लघवीची नळी, रक्ताचे नमुने, उभं करून काढलेला एक्स-रे. मग सीटी स्कॅन. दुपार कलली तेव्हा सर्जन डॉक्टर बुद्धप्रिया यांनी दोघा भावंडांना आत बोलावलं. चाळिशीच्या, बारीक अंगाच्या बाई. बोलताना हातातलं पेन बंद-उघड करायची सवय.

"तुमच्या आईच्या पित्ताशयात खडा होता म्हणालात ना?" त्यांनी संगणकाचा पडदा वळवला. "तो आता तिथं नाही. हा बघा."

करड्या चित्रात खाली उजवीकडं एक गोल, पांढऱ्या कडेची खूण होती.

"हे लहान आतड्याचं शेवटचं टोक. आतड्यातली सगळ्यांत अरुंद जागा. खडा इथं येऊन बसलाय."

"पित्ताचा खडा आतड्यात कसा जाईल?" आदिनाथनं विचारलं. "मधी काय रस्ता हाय का?"

"एवढ्या मोठ्या खड्याला नसतो. त्यानं केला. पित्ताशय आणि आतडं शेजारी-शेजारी असतात. मोठा खडा वर्षानुवर्षं एकाच जागी घासत राहिला, सूज आली, की दोन्ही एकमेकांना चिकटतात. मग मधली भिंत झिजते आणि भोक पडतं. खडा त्यातून आतड्यात उतरतो." त्यांनी पेननं वरच्या बाजूला काळ्या रेघा दाखवल्या. "पित्ताच्या नळ्यांत ही हवा दिसतेय. तिथं हवा असायला नको. आतड्यातून शिरलीय, म्हणजे भोक आहेच. असं फार कमी जणांना होतं. मी आजवर दोनच बघितलेत. हे तिसरं."

"पण ती कधी चांगली असायची, कधी..." वर्षाराणी म्हणाली.

"खडा गडगडत खाली येतो. अडकतो, उलट्या होतात. सुटून पुढं सरकतो, बरं वाटतं. पुन्हा अडकतो. बरं वाटलं की लोक घरी थांबतात." त्यांनी पेन बंद केलं. "मधे कधी खूप दुखून ताप आला होता का? आणि मग आपोआप थांबलं?"

वर्षाराणीला काही आठवेना. आदिनाथला आठवलं.

"दिवाळीच्या आसपास. अण्णांना दवाखान्यात ठेवलं होतं तवा. माय चार दिवस पडून होती, उजव्या कुशीत लई दुखतंय म्हणून. मग एकदम थांबलं. कुळथाच्या काढ्यानं खडा विरघळला म्हणायची. गावात चार जणींना तो काढा तिनं सांगितला."

"तेव्हाच गेला असणार खाली," डॉक्टर म्हणाल्या. "पित्ताचा खडा काढ्यानं विरघळत नाही. त्या चार जणींनाही सांगा, दुखणं थांबलं म्हणून गप्प बसू नका."

मग त्यांनी काय करायचं ते सांगितलं. शरीरातलं पाणी आणि क्षार सलाईननं भरून काढायचे, लघवी सुरू झाली की संध्याकाळी ऑपरेशन. पोट उघडून खडा हातानं मागं, चांगल्या आतड्यात सरकवायचा, तिथं चीर देऊन काढायचा आणि चीर शिवायची. बाकी आतडं चाचपून बघायचं, आणखी खडा असेल तर तोही.

"आणि पित्ताशय? ते भोक?" आदिनाथनं विचारलं.

"त्याला आज हात लावणार नाही."

"म्हंजे अर्धंच काम? एकदा पोट फाडायलाच निघालोय तर सगळंच काढून टाका ना, मॅडम. पुन्हा पुन्हा कोण येतंय?"

डॉक्टर चिडल्या नाहीत. हा प्रश्न त्यांना नवा नसावा. "शेती करता ना? ठिबकच्या नळीत खडा अडकून पीक वाळत असलं तर तुम्ही आधी तो खडा काढता. विहिरीचं बांधकाम त्याच दिवशी काढत नाही. तुमच्या आई सत्तरीच्या आहेत, आठवडाभर नीट जेवल्या नाहीत, मूत्रपिंडं थकलीत. चिकटलेलं पित्ताशय सोडवायचं म्हणजे ऑपरेशन दुप्पट लांबणार आणि धोकाही वाढणार. बऱ्याचदा ते भोक नंतर आपोआप बुजतं. त्रास झालाच तर ताकद आल्यावर बघू. आज मला फक्त तुमची आई जिवंत पाहिजे."

आदिनाथनं बहिणीकडं बघितलं. वडिलांच्या वेळी सह्या त्यानं केल्या होत्या.

"मी करते," वर्षाराणी म्हणाली आणि सही केली.

मामा संध्याकाळी आले. मुलानं गाडी चालवली होती. पिशवीत साडी होती. ऑपरेशन थिएटरच्या दारासमोर बाकावर ते छातीवर हात ठेवून बसले. वर्षाराणीनं दोनदा विचारलं, दुखतंय का, तेव्हा म्हणाले, "न्हाई गं, सवय लागलीय."

दार उघडलं, तेव्हा डॉक्टर बुद्धप्रियांच्या हातात स्टीलची वाटी होती. लातुरात काय, नांदेडात काय, पोटातून निघालेलं नातेवाइकांना दाखवल्याशिवाय कुणाचं समाधान होत नाही. वाटीत एक तपकिरी, खडबडीत, कोंबडीच्या लहान अंड्याएवढा खडा होता.

"एकच होता. आतडं चांगलं आहे, काळं पडलेलं नाही. पुढचे चार-पाच दिवस महत्त्वाचे."

मामांनी वाटी डोळ्यांजवळ नेली. "एवढाच?" ते म्हणाले. "मला वाटलं डोंगर निघंल."

पुढचे दिवस सगळं घर एकाच गोष्टीची वाट बघत होतं, आणि ती मोठ्यानं बोलायला कुणाला संकोच वाटत नव्हता. मामा रोज सकाळी वॉर्डात शिरतानाच विचारायचे, "केवळे, वारा सरला का?" शेजारच्या खाटेवरचा माणूसही विचारायला लागला. दहावा तेरणा नदीच्या काठी आदिनाथनं उरकला, तेव्हा केवळाबाई लातूरला नळ्या लावून पडलेली होती. तिकडून मोठीमायनं फोन केला, तिनं नीट पार पडल्याचं सांगितलं आणि लगेच विचारलं, "सुटला का वारा?"

सुटला, त्याच्या दुसऱ्या दिवशी. नळी निघाली. आधी पाणी, मग भाताची पेज. पेज पोटात राहिली. डॉक्टर पोटाला स्टेथोस्कोप लावून गेल्या आणि "छान" एवढंच म्हणाल्या. सिस्टरनं एक उशी आणून दिली. खोकला आला की ही पोटावर घट्ट धरायची, म्हणजे टाक्यांना ताण बसत नाही.

त्या दुपारी मामा जेवायला गेले होते. केवळाबाई खाटेवर टेकून बसली होती. बऱ्याच दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर दुखणं नव्हतं, उलटी नव्हती, पोटाकडं लागलेलं ध्यान नव्हतं. ती खिडकीतून खाली बघत होती. खाली रिक्षावाले गिऱ्हाइकं बोलवत होते.

"वर्षे," ती म्हणाली, "दहाव्याला त्येंला आवडणारं काय केलं होतं?"

"धपाटे. मोठीमायनं केले."

"तीळ घातले होते का?"

"माहीत नाही गं."

केवळाबाईनं मान हलवली. आणि मग तिचा चेहरा आतून ओढल्यासारखा झाला. वर्षाराणीला वाटलं, पुन्हा कळ आली. ती उठणार तोच आईच्या तोंडून आवाज फुटला. अण्णा गेले त्या दिवशी, अंगणात माणूस मावत नव्हता तेव्हा, ज्याची सगळ्या बाया वाट बघत होत्या आणि जो आला नव्हता, तो आवाज. तिचं सगळं अंग हलायला लागलं. एका हातानं तिनं टाके धरले.

दारातून सिस्टर ओरडली, "आजी, रडू नका, टाक्यांना ताण बसतोय!"

वर्षाराणीनं उशी उचलली, आईच्या पोटावर ठेवली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली.

"रड," ती म्हणाली. "मी धरलंय."

"जरा खाली," केवळाबाई हुंदक्यातूनच म्हणाली. "हां. तिथं."